आरोग्याचे दिवस साजरे झाले, नळाचें काय?

ठाणें आणि कल्याण-डोंबिवली या दोन महानगरपालिकांच्या पंचांगांत आतां देवाधर्माच्या सणांइतकेच आरोग्याचे सण झाले आहेत. 24 मार्च क्षयरोगाचा, 7 एप्रिल जागतिक आरोग्याचा, 25 एप्रिल हिवतापाचा, 16 मे डेंग्यूचा, 21 जून योगाचा. मांडव पडतो, फलक लागतो, शाळेचीं पोरें घोषणा देत उन्हांत फिरतात, साहेब दोन शब्द बोलतात, छायाचित्र निघतें आणि आरोग्याविषयीं जागृति झाली असें समजून सर्व मंडळी आपापल्या घरीं जातात.

आम्ही या दिवसांचे वैरी नाहीं. शेतकऱ्याच्या व कारागिराच्या घरांत रोगाविषयीं अज्ञान आहे, तापावर अंगाराधुपारा अजून कोठें कोठें चालतो, हें आम्ही लपवावें कशास? ज्ञान घरोघर गेलेंच पाहिजे. पण तें कशाच्या सोबतीनें गेलें म्हणजे रुजतें याचें उदाहरण आपल्या डोळ्यांसमोर आहे. या देशांतील पोलिओचा शेवटचा रोगी 2011 सालीं आढळला आणि 27 मार्च 2014 रोजीं देश पोलिओमुक्त ठरला. हें काम फलकांनीं झालें नाहीं. अंगणवाडीची बाई दारांत आली तेव्हां तिच्याजवळ औषधाची कुपी होती. दोन थेंब पाजा असें ती म्हणाली आणि ते थेंब तिनें तेथेंच पाजले. उपदेश आणि औषध एकाच हातानें आलें.

आतां डेंग्यूचें पाहा. या तापाचा डास दिवसा चावतो, साठवलेल्या स्वच्छ पाण्याजवळ अंडीं घालतो, आणि अंड्यापासून उडता डास व्हावयास साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यांतून एक दिवस सगळीं भांडीं रिकामीं करून कोरडीं ठेवावीं, असें पत्रकांत छापलेलें असतें. तें अगदीं खरें आहे आणि आमच्या माताभगिनींनीं तें पाळावें. पत्रकांत पुष्कळदां राहून जातें तेवढें आम्ही येथें जोडतों. नुसतें पाणी ओतून भागत नाहीं. हीं अंडीं पाण्याच्या रेषेच्या जरा वर, पिंपाच्या आंतल्या अंगाला चिकटतात आणि कोरड्यांतहि महिनोन् महिने जिवंत राहतात. पुन्हा पाणी चढलें कीं फुटतात. यासाठीं काथ्यानें आंतली बाजू खसाखसा घासावी, आणि तोंडाला जुन्या धोतराची दुहेरी घडी ताणून बांधावी. ताप आल्यास अंगदुखीवर अॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेनची गोळी आपल्या मनानें घेऊं नये, त्यानें रक्तस्रावाचें भय वाढतें. दवाखाना गांठावा.

हें सर्व सांगून झाल्यावर एक प्रश्न उरतो, आणि तो मांडवांत कोणी विचारीत नाहीं. हें पिंप घरांत आलें कशासाठीं? हौसेनें कोणी दहा फुटांच्या खोलींत दोनशें लिटरचें निळें पिंप ठेवीत नाहीं. ज्याच्या नळाला हवें तेव्हां पाणी आहे, त्याच्या घरीं पिंप नसतें. ज्याच्या नळाला पाण्याचा भरंवसा नाहीं, ज्याची बायको टँकरच्या मागें कळशी घेऊन धांवते, त्याच्याच घरीं पिंप, त्याच्याच घरीं हंडे, आणि म्हणून त्याच्याच घरीं डास. मग फवारणीवाला येऊन पिंपांत विजेरी मारतो, अळ्या दाखवितो आणि घरधनिणीला दोष देतो. कोरडा दिवस पाळा म्हणणाऱ्यास ती बाई उलट विचारते, हें ओतलें तर उद्यां टँकर येणार काय? याचें उत्तर त्याच्याजवळ नसतें. तो बिचारा स्वतःच कंत्राटावरचा नोकर.

डोंबिवलीच्या भोंवतालचीं 27 गांवें घ्या. आगरी, कोळी, कुणबी यांचीं हीं जुनीं गांवें. 1983 सालीं तीं महानगरपालिकेंत घातलीं, 2002 मध्यें बाहेर काढलीं, 2015 मध्यें पुन्हा आंत घेतलीं. दावणीचें जनावरहि इतक्या वेळां कोणी बांधीत-सोडीत नाहीं. भातखाचरें गेलीं, त्यांवर मनोरे उभे राहिले, आणि गांवकऱ्याच्या वांट्याला घरपट्टी आली. पाणी मात्र बारवी धरणावरून औद्योगिक महामंडळाच्या नळानें येतें. तें कमी पडलें कीं एक कचेरी दुसरीकडे बोट दाखविते. (त्या बारवीची उंची वाढून 2019 च्या पावसाळ्यांत पाणी चढलें, तेव्हां मुरबाड तालुक्यांतील शेतकऱ्यांचीं व आदिवासींचीं घरें बुडालीं. पाण्यासाठीं घर देणारा तोच आणि पाण्याविना राहणाराहि त्याचाच भाऊ.)

यांपैकीं संदप गांवीं 7 मे 2022 रोजीं एका घरचीं पांच माणसें खडीच्या खाणींत सांचलेल्या पाण्यांत बुडून मेलीं. बायका धुणें घेऊन गेल्या होत्या; मूल पाण्यांत गेलें, त्याला वांचवावयास एकामागून एक उतरलीं, कोणीच परत आलें नाहीं. महानगरीच्या हद्दींत राहणाऱ्या बाईस धुणें धुवावयास खाणीवर कां जावें लागतें? गांवांत पाण्याची टंचाई होती, हें तेव्हां सगळ्या वर्तमानपत्रांत आलें. त्यानंतर नवव्या दिवशीं 16 मे, म्हणजे साठवलेल्या पाण्यापासून सावध राहण्याचा राष्ट्रीय दिवस होता.

कारखान्यांच्या धुराविषयीं, 26 मे 2016 आणि 23 मे 2024 या दोन दिवशीं डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतींत झालेल्या स्फोटांविषयीं, येथें लिहीत नाहीं. तो विषय स्वतंत्र लेखाचा आहे. पण हात धुण्याचे सहा प्रकार शिकविणाऱ्या मंडळीनें त्या दिवशींच्या प्रेतांचाहि आरोग्याच्या हिशेबांत जमाखर्च धरावा.

महानगरपालिकेवर आम्ही कांहीं नवें ओझें लादीत नाहीं. 1949 चा महानगरपालिका अधिनियम आहे. त्याच्या 63 व्या कलमांत पुरेसा पाणीपुरवठा, मैला व केरकचरा उचलणें, सांथीच्या रोगांना आळा घालणें, दवाखाने चालविणें हीं कामें बंधनकारक म्हणून सांगितलीं आहेत. मर्जीचीं कामें निराळ्या कलमांत आहेत. बंधनकारक काम सोडून मर्जीचा समारंभ करणाऱ्यास खेड्यांत काय म्हणतात तें आमच्या वाचकांस ठाऊक आहे. येथें छापण्याजोगें नाहीं.

ठाण्याचीहि गोष्ट वेगळी नाहीं. कळव्याचें छत्रपति शिवाजी महाराज रुग्णालय हें ठाणें महानगरपालिकेचें. शहापूर-मुरबाडपासूनचा गरीब रोगी शेवटीं येथेंच येऊन पडतो. त्या रुग्णालयांत 2023 च्या ऑगस्टमध्यें, 12-13 तारखेच्या चोवीस तासांत, 18 रोगी दगावले. सरकारनें चौकशी समिति नेमली. कित्येक रोगी अत्यवस्थ स्थितींत उशिरां आले असें सांगण्यांत आलें. असेल तसें. पण गरीब माणूस उशिरां कां येतो? त्याच्या वाडीजवळ वेळेवर डॉक्टर नसतो आणि एका दिवसाची मजुरी बुडवावयाची त्याची छाती होत नाहीं. जागृतीच्या फेरीनें या दोहोंपैकीं एकहि अडचण दूर होत नाहीं.

आणि जाब विचारावा कोणाला? कल्याण-डोंबिवलीच्या सभागृहाची मुदत 2020 च्या नोव्हेंबरांत संपली, ठाण्याची 2022 च्या मार्चांत. संदपचीं माणसें बुडालीं तेव्हां आणि कळव्याचे रोगी गेले तेव्हां दोन्ही शहरांत लोकांनीं निवडलेला एकहि नगरसेवक गादीवर नव्हता. सारा कारभार प्रशासकाच्या सहीनें चालला होता. नगरसेवक असता तर पाणी आलें असतें असें आम्ही म्हणत नाहीं, आम्ही इतके भोळे नाहीं. पण त्याच्या दारावर हंडा तरी वाजवितां आला असता.

आरोग्याची सेवा कशी असते हें ठाण्यास परक्यानें शिकवावयास नको. नारायण मेघाजी लोखंडे हे ठाण्यांतच 1848 सालीं जन्मले. गिरणींतल्या माणसाला विश्रांति नाहीं म्हणून त्याचें शरीर झिजतें हें त्यांनीं पाहिलें. त्यावर विश्रांतीचें महत्त्व सांगणारें व्याख्यान देऊन ते थांबले नाहींत. सभा भरविल्या, अर्ज केले, वर्षें घालविलीं, आणि 10 जून 1890 रोजीं रविवारची सुट्टी मिळवून दिली. प्लेगांत त्यांनीं रोग्यांमध्यें काम केलें आणि 9 फेब्रुवारी 1897 ला त्याच रोगानें ते गेले. पुढच्याच महिन्यांत, 10 मार्चला, पुण्याजवळ सावित्रीबाई फुले गेल्या. त्याहि प्लेगच्या रोग्यांना मुलाच्या दवाखान्यांत पोंचवितां पोंचवितां. त्यांच्या जयंत्या-पुण्यतिथ्यांना हार घालणाऱ्या अधिकाऱ्यांनीं हा भाग वाचावा.

आतां आपल्या हातचें. यंदां 16 मेचा मांडव पडेल तेव्हां तेथें जरूर जा, सांगतील तें ऐका, पत्रक घ्या. जातांना मात्र घरच्या भिंतीवरचें कॅलेंडर बरोबर न्या. आजपासून त्यावर रोज लिहून ठेवा: नळाला पाणी किती वाजतां आलें, किती वेळ टिकलें, टँकर कोणत्या दिवशीं आला, त्याला पैसे किती मोजले. आळींतल्या दहा घरांनीं असें लिहिलें तर तो पुरावा होतो. ज्याला लिहितां येत नाहीं त्याच्या घरीं शाळेचें पोर आहे. शिवाय 2005 च्या माहिती अधिकाराच्या कायद्यानें दहा रुपयांचा अर्ज करून आपल्या प्रभागाचें विचारतां येतें: गेल्या वर्षीं आरोग्याच्या कार्यक्रमांवर किती खर्च झाला, नळजोडणीवर किती, रुग्णालयांत डॉक्टरांच्या किती जागा मंजूर आणि किती रिकाम्या. तीस दिवसांत उत्तर देणें त्यांना भाग आहे. दारिद्र्यरेषेखालील कार्ड असल्यास ते दहा रुपयेहि लागत नाहींत. कार्डाची नक्कल जोडावी. अर्ज मराठींत करावा, एका कागदावर करावा, आणि पोंच घेतल्याशिवाय खिडकी सोडूं नये.