बारा वाजून वीस मिनिटं

आपल्या ग्रुपवर जुन्या इंदूरच्या आठवणी येतात, राजवाडा, सराफा, गणेशोत्सव, सगळं वाचते आणि खूप बरं वाटतं. आज जरा वेगळं लिहिते आहे. आठवणच आहे, पण पैशाची. घरात पैशाचं बोललेलं आपल्याला आवडत नाही, म्हणून दोनदा लिहून पुसलं. शेवटी यांनी म्हटलं, लिही गं, सगळ्यांच्याच घरी होतं हे.

आम्ही दक्षिण तुकोगंजातले. नाथ मंदिरापासून चार पावलांवर. स्टेशन एका बाजूला, सरवटे बसस्टँड दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये हॉटेलंच हॉटेलं. म्हणजे प्रवासी बघतच लहानाची मोठी झाले. (सरवटे म्हणजे आपले तात्यासाहेब सरवटे, संविधान सभेत होते ते. हे हल्लीच्या मुलांना सांगावं लागतं. त्यांना वाटतं बसस्टँडचंच नाव आहे.)

2018 च्या डिसेंबरात आई गेली. तिचं माहेर नाशिकचं, पंचवटीतलं. अस्थी रामकुंडातच सोडा, हे तिने दहा वेळा सांगून ठेवलं होतं. ओंकारेश्वर जवळ असून नको म्हणायची. दादा पुण्याला असतो. तो थेट नाशिकला येणार, आम्ही इथून गाडी करणार, एक दिवस रामकुंड आणि त्र्यंबकेश्वर, आणि सगळा खर्च अर्धा-अर्धा, असं ठरलं. तिकडचं गुरुजींचं दादाने बघायचं, गाडीचं मी.

मी इथल्याच एका ट्रॅव्हलवाल्याला फोन केला. चौदा रुपये किलोमीटर, टोल-पार्किंग आपलं. बस्स. मी कागदावर मांडलं: जाऊन-येऊन साधारण 890 किलोमीटर, म्हणजे साडेबारा हजार, वर टोलचे हजार धरले. साडेतेरा. दादाला कळवलं, त्याने त्याच दिवशी 6,750 पाठवले. तो तसाच आहे, उधारी ठेवत नाही.

पहाटे चारला निघालो. मानपूरचा घाट, सेंधवा, शिरपूर, धुळे, मालेगाव. मांडीवर तांबडं कापड बांधलेला कलश. मधल्या दोन दिवसांचं इथे लिहीत नाही, ते आमचं आहे. तिसऱ्या दिवशी परत निघायला उशीर झाला, कारण दादा आणि मी घाटावर बसून राहिलो. आईबद्दल इतकं कधी बोललोच नव्हतो आधी.

घरी पोचलो तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. ड्रायव्हरने घड्याळ दाखवलं, "दीदी, बारह बज के बीस मिनट हो गए, चौथा दिन लग गया." मला अर्थच कळला नाही. सकाळी बिल आलं तेव्हा कळला.

दिवसाला किमान अडीचशे किलोमीटर धरायचे, आणि दिवस म्हणजे चोवीस तास नाहीत, तारीख. बारानंतर वीस मिनिटं झाली म्हणून चार दिवस, म्हणून हजार किलोमीटर, गाडी 975 च चालली असली तरी. त्या 975 मध्येही गॅरेज ते गॅरेज मोजलेलं. आणि गॅरेज कुठे, तर राऊला! म्हणजे गाडी राऊहून आम्हाला घ्यायला तुकोगंजात आली आणि मग आम्हाला घेऊन परत राऊवरूनच मुंबईच्या रस्त्याला लागली. त्या उलट्या फेरीचे पैसे आम्ही दिले. हजार किलोमीटरचे चौदा हजार. ड्रायव्हरचा भत्ता तीनशे, चार दिवस, बाराशे. नाइट चार्ज दोनदा, पाचशे. महाराष्ट्राचा परमिट टॅक्स बाराशे. टोल अकराशे पन्नास. पार्किंग एकशे ऐंशी. वर पाच टक्के जीएसटी, सातशे. एकूण 18,930.

मी दादाला फोन करून म्हटलं, अजून 2,715 तुझ्याकडून येतील. तो जरा थांबला आणि म्हणाला, "बिल पाठव."

दोनच शब्द. त्यात काही वाईट नव्हतं, आज कळतं. तो आयुष्यभर अकाउंट्समध्ये होता, बिल बघितल्याशिवाय त्याला चैनच पडत नाही. पण आई जाऊन चौदा दिवस झाले होते. मला वाटलं, हा समजतो मी आईच्या कामात पैसे खाल्ले. बिल नाहीच पाठवलं. पैसेही नको म्हटलं. आणि त्यानंतर आठ महिने आम्ही फक्त गुड मॉर्निंगची फुलं पाठवत होतो एकमेकांना.

आता माझं म्हणणं सांगते, पटलं तर घ्या.

ड्रायव्हरचा भत्ता मला मुळीच खटकत नाही. तो थंडीत गाडीतच झोपला होता, त्र्यंबकला, अंगावर एक शाल. तीनशे म्हणजे कमीच. परमिट टॅक्सही सरकारचा. एकेक ओळ घेतली तर बहुतेक सगळ्यांना उत्तर आहे. माझी तक्रार आकड्याची नाही, वेळेची आहे. हे सगळं त्या माणसाला फोनवर माहीत होतं. त्याने मला फक्त तेवढा आकडा सांगितला ज्यावर मी हो म्हणेन. बाकीचे आकडे, जेव्हा नाही म्हणणं शक्य नव्हतं तेव्हा.

आणि आपणही विचारत नाही हो. आपल्याकडे तर "सगळं मिळून किती?" असं विचारणं म्हणजे हलकेपणा. कंजूष म्हणतील. शिवाय अस्थी घेऊन जाताना कोण घासाघीस करतं? पण नेमके असेच प्रवास असतात ज्यात आपण गाफील असतो: अस्थी, दवाखाना, लग्नाचं वऱ्हाड, मुलांच्या परीक्षा.

पूर्वी सरवटेवर रोडवेजच्या खिडकीत तिकीट घेतलं की जे छापलं तेच भाडं. बस खटारा होती, खिडकी बंद होत नसे, ते सोडा. 2005 मध्ये आपल्या मध्य प्रदेशची रोडवेज बंद पडली आणि सगळं खाजगीवाल्यांच्या हाती गेलं. मी काही जुनं ते सोनं म्हणणारी नाही. पण भाड्याचा बोर्ड भिंतीवर असायचा, एवढं खरं.

रेल्वेचं मला त्यातल्या त्यात बरं वाटतं, कारण तिकिटावर ओळ न् ओळ छापलेली असते. तरी तिथेही माहीत नसेल तर फटका बसतोच. ऑनलाइन तिकिटावर कन्व्हीनियन्स फी लागते, एसीला 30 आणि साध्या डब्याला 15, वर जीएसटी. यूपीआयने भरलं तर 20 आणि 10. तिकीट रद्द केलं तरी ही फी परत येत नाही. वेटिंगवरचं ई-तिकीट चार्ट लागल्यावर आपोआप रद्द होतं, पण माणशी साठ रुपये कापून. चौघांचं घर असेल तर न केलेल्या प्रवासाचे दोनशे चाळीस!

विमानाचं तर बोलूच नका. तिकीट स्वस्त, मग सीटचे वेगळे, जेवणाचे वेगळे, आणि पंधरा किलोच्या वर सामान गेलं की काउंटरवर जे मागतील ते. आपण इंदूरची माणसं, कुणाकडे जाताना शेव न नेता जातो का? घरी वजनकाटा ठेवलाय मी आता, स्प्रिंगचा, हातात धरायचा. सीट निवडा म्हणून स्क्रीन मागे लागतो तेव्हा घाबरू नका, "स्किप" बारीक अक्षरात कुठेतरी असतं. नाही निवडली तरी चेक-इनला सीट मिळतेच, मधली का होईना.

एक चांगलं झालंय. 30 नोव्हेंबर 2023 ला केंद्राने नियम काढले, ऑनलाइन फसवणुकीचे तेरा प्रकार नाव घेऊन बंद केले. आधी कमी किंमत दाखवून शेवटच्या पानावर वाढवणं त्यात आहे, न विचारता विमा किंवा दान टोपलीत टाकणंही आहे. हॉटेलात बिलावर सर्व्हिस चार्ज आपोआप लावता येत नाही, हे 2022 च्या जुलैत सांगितलं गेलं आणि दिल्ली हायकोर्टाने 28 मार्च 2025 ला ते उचलून धरलं. ऐच्छिक आहे तो. काढा म्हटलं की काढावा लागतो. नाही ऐकलं तर 1915, ग्राहक हेल्पलाइन. अमेरिकेतही मे 2025 पासून हॉटेलांना फी धरूनच भाडं दाखवावं लागतं, ज्यांची मुलं तिकडे आहेत त्यांनी लक्षात ठेवा. आणि परदेशात कार्ड घासताना मशीनने "रुपयांत घेऊ का?" विचारलं तर नाही म्हणायचं, तिथल्याच चलनात. रुपयांत म्हटलं की भाव त्यांचा लागतो.

पण फोनवरच्या चौदा रुपये किलोमीटरला कुठला स्क्रीन आहे? तिथे आपली जीभच. मी आता एकच प्रश्न विचारते: "घरून घरापर्यंत, सगळं धरून किती? दिवस तारखेने की तासाने? गाडी कुठून निघणार?" (तीन झाले, असू दे.) आणि म्हणते, हेच व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवा. गेल्या वर्षी शिर्डीला जाताना दोघांनी लिहून द्यायला टाळाटाळ केली, तिसऱ्याने दिलं. तो दोघांपेक्षा महाग वाटत होता आधी. परत आल्यावर बिल त्याने लिहिलं होतं तेवढंच आलं, एक चहासुद्धा वर नाही.

दादाचं सांगायचं राहिलं. 2019 च्या गणपतीला तो बसने इंदूरला आला. उतरल्या उतरल्या, हातातली बॅगही न ठेवता बडबड सुरू. अ‍ॅपवर तिकीट काढलं, तर त्यात कुणी न विचारता विमा घातला, पाच रुपये दान घातलं, वर कसलीशी फी! मी दारातच हसायला लागले. तो बघत राहिला. मग आत जाऊन कपाटातून ते बिल आणलं आणि त्याच्या हातात दिलं.

त्याने चष्मा लावून पूर्ण वाचलं, बेरीज केली, बरोबर निघाली. "बारा वाजून वीस मिनिटं?" म्हणाला. "आपण घाटावर बसलो होतो ना गं म्हणून." मग बराच वेळ गप्प बसला. वहिनीने पोहे आणले तेव्हा पाकीट काढून मोजून सत्तावीसशे ठेवले माझ्यासमोर.

वरचे पंधरा अजून बाकी आहेत. सुट्टे नाहीत म्हणतो.