बिरसीच्या धावपट्टीवर हौसेलाही जागा द्या

कुडव्याला विमानाचं अप्रूप उरलेलं नाही. गोंदिया शहराला खेटलेल्या या गावाच्या आसमंतात लांब पंखांची पांढरी छोटी विमानं घरघरत असतात आणि खाली नाक्यावरची वर्दळ जशीच्या तशी चालू असते. बिरसीचा विमानतळ इथून फार लांब नाही. तिथे २००८ पासून एनएफटीआय, म्हणजे राष्ट्रीय उड्डाण प्रशिक्षण संस्था, चालते. कॅनडाची सीएई कंपनी आणि भारतीय विमानतळ प्राधिकरण यांची ही भागीदारी. देशभरातली मुलं इथे येऊन डायमंड बनावटीच्या विमानांवर शिकतात आणि पुढे मोठ्या विमान कंपन्यांच्या कॉकपिटमध्ये जाऊन बसतात. रायबरेलीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय उड्डाण अकादमीनेही उत्तरेतल्या धुक्यापायी हिवाळ्यात काही विमानं इकडे आणली. गोंदियाचं मोकळं आकाश असं दूरवर कामी येतं.

या सगळ्या गजबजाटात एक माणूस मात्र बिरसीत दिसत नाही. तो म्हणजे केवळ हौसेखातर उडणारा. गोंदियातला एखादा डॉक्टर, राइस मिलचा मालक, शाळेतला मास्तर किंवा निवृत्त बँक कर्मचारी रविवारी सकाळी क्लबचं विमान घेऊन तासभर वैनगंगेवरून फिरून आला, असं इथे कुणी ऐकलेलं नाही. विमानात बसायचं तर तिकीट काढा. चालवायचं तर नोकरीची आस धरून पन्नासएक लाख रुपये मोजा. तिसरी वाट नाही. ती खुली करायला राज्यात बिरसीइतकी तयार जागा दुसरी क्वचितच सापडेल. सरकारने आता ते मनावर घ्यावं.

हौस म्हटलं की आपल्याकडे लगेच भुवया उंचावतात. रिकामटेकड्या श्रीमंतांचे चोचले सरकारने का पुरवावेत, असा प्रश्न येतोच. पण भारताची विमानसेवा जन्माला आली ती हौशी मंडळींच्याच हातून. १९२८ मध्ये जुहूला बॉम्बे फ्लाइंग क्लब सुरू झाला. तेव्हाचं सरकारदेखील अशा क्लबांना मदत करत होतं. १० फेब्रुवारी १९२९ रोजी जे. आर. डी. टाटांना वैमानिकाचा परवाना मिळाला आणि त्यावर आकडा होता १. त्या वेळी ते कुणाचे पगारी वैमानिक नव्हते. उडायचं वेड होतं, म्हणून उडत होते.

त्यानंतर लवकरच आगाखानांनी बक्षीस लावलं. इंग्लंड ते भारत किंवा भारत ते इंग्लंड हे अंतर एकट्याने विमान चालवून आधी कोण कापतो, अशी ती शर्यत. टाटा कराचीहून निघाले, तर सतरा वर्षांचा अस्पी इंजिनीअर इंग्लंडहून. इजिप्तमधल्या अबुकीरच्या तळावर दोघांची गाठ पडली. अस्पीचं विमान स्पार्क प्लगांपायी खोळंबलं होतं. टाटांनी आपल्याजवळचे जादा प्लग काढून त्याच्या हातावर ठेवले. काही तासांच्या फरकाने शर्यत अस्पीने जिंकली. तोच अस्पी इंजिनीअर १९६० मध्ये भारताचा हवाई दलप्रमुख झाला. टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी पुस मॉथ जातीच्या छोट्या विमानातून कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल आणलं आणि त्या टपालसेवेतूनच पुढे एअर इंडिया उभी राहिली.

आज तीच एअर इंडिया अमरावतीजवळ बेलोऱ्याला उड्डाणशाळा उभारत आहे. ३४ शिकाऊ विमानं आणि वर्षाला १८० वैमानिक, असा तिचा बेत. विभागीय आयुक्तांच्या अखत्यारीतला नागपूर फ्लाइंग क्लब मध्यंतरी काही वर्षं ठप्प होता. पुन्हा हालचाल सुरू झाल्यावर त्याने चंद्रपूरजवळच्या मोरव्याच्या धावपट्टीकडे मोर्चा वळवला. गोंदिया, बेलोरा, मोरवा ही नावं जोडली की विदर्भ देशाला वैमानिक पुरवणारा मुलूख होऊ घातला आहे, हे ध्यानात येतं. त्याचा अभिमान बाळगायलाही हरकत नाही. पण नावापुढे क्लब असलं तरी या सगळ्या ठिकाणी भर नोकरीच्या परवान्यावरच. दोनशे तास भरले, परवाना हातात पडला की मुलगा मुंबईला नाहीतर दिल्लीला. गावाशी त्याचा संबंध खोलीभाड्यापुरता.

अमेरिकेत याच्या अगदी उलट चित्र आहे. पॉल पोबेरेझनी यांनी १९५३ मध्ये मिलवॉकीत घरी विमानं बांधणाऱ्यांची संघटना काढली. १९७० पासून तिचा मेळावा दर उन्हाळ्यात ऑशकोश या गावात भरतो. गाव लोकवस्तीने आपल्या गोंदियाहूनही लहान. त्या आठवड्यात मात्र दहा हजारांवर विमानं त्या परिसरात उतरतात, पंखांखाली तंबू ठोकले जातात आणि तिथला नियंत्रण मनोरा जगातल्या सर्वांत व्यग्र मनोऱ्यांत गणला जातो. येणाऱ्यांत शेतकरी असतात, प्लंबर असतात, आजीआजोबाही असतात. लहानपणी बापाच्या शेजारी बसून उडालेली मुलं पुढे विमान कंपन्यांत आणि हवाई दलात जातात. काही इंजिनं बनवतात. हौशी वैमानिकांचा एवढा मोठा पाया खाली असल्यामुळे वरचा डोलारा भक्कम राहतो.

महाराष्ट्रात वेड्यांची वानवा नाही. मुंबईची आरोही पंडित मे २०१९ मध्ये ‘माही’ नावाच्या चिमुकल्या विमानातून एकटीने अटलांटिक पार करून कॅनडात उतरली. हलक्या क्रीडा विमानातून हा पल्ला एकटीने गाठणारी ती जगातली पहिली स्त्री. १५ ऑक्टोबर २०२१ रोजी तिने टाटांच्या उड्डाणाची आठवण म्हणून भुज ते जुहू हा प्रवास केला. त्याला साठ लिटरही पेट्रोल लागलं नाही. विजयपत सिंघानियांनी १९८८ मध्ये मायक्रोलाइट विमानातून लंडन ते भारत मजल मारली. २००५ मध्ये वयाच्या ६७व्या वर्षी ते मुंबईहून गरम हवेच्या फुग्यातून २१ हजार मीटरवर चढले आणि उतरले ते सिन्नर तालुक्यातल्या पांचाळे गावात. कांदिवलीच्या चारकोपमध्ये इमारतीच्या गच्चीवर अमोल यादव यांनी सहा आसनी विमान बांधलं. ते २०१६ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातल्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात लोकांनी डोळे विस्फारून पाहिलं.

पण यादवांच्या विमानाला नोंदणी मिळाली ती नोव्हेंबर २०१७ मध्ये, उड्डाणाची परवानगी २०१९ मध्ये आणि धुळ्याच्या धावपट्टीवरून ते उडालं २०२० मध्ये. यादव स्वतः जेट एअरवेजचे वैमानिक होते, तरी एवढा वेळ गेला. ज्याच्या मागे ना कंपनी, ना ओळखपाळख, त्याने काय करावं? आपली व्यवस्था हौशी माणसाला नाही म्हणत नाही, फक्त दमवते.

नियम मात्र मुळात फार जाचक नाहीत. खासगी वैमानिकाच्या परवान्यासाठी वय १७, दहावी पास, वैद्यकीय तपासणी, लेखी परीक्षा आणि किमान ४० तासांचं उड्डाण एवढं लागतं. तासाला दहा-पंधरा हजार धरले तरी खर्च मध्यम आकाराच्या मोटारीच्या आत बसतो. रेडिओवर बोलायचा परवाना पूर्वी दूरसंचार खात्याकडून घ्यावा लागे. १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या भारतीय वायुयान अधिनियमाने तो नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे आणला, म्हणजे एक हेलपाटा वाचला. पिस्टन इंजिनांना लागणारं खास पेट्रोल आपण आयात करत होतो. २०२२ मध्ये इंडियन ऑइलने ते गुजरात रिफायनरीत तयार करून बाजारात आणलं. ‘माही’सारख्या हलक्या विमानांना तर मोटारीचंच पेट्रोल चालतं. अडतं ते उडायला जागा, भाड्याने विमान आणि शिकवणारा माणूस, या तीन गोष्टींपाशी.

याहून स्वस्तातला मार्गही महाराष्ट्रातच आहे. पुण्यात हडपसरला महासंचालनालयाचं ग्लायडिंग केंद्र आहे. मैदानाच्या एका टोकाला ग्लायडर, दुसऱ्या टोकाला विंच आणि मध्ये जमिनीवर पसरलेला लांबलचक दोर. एक जण पंखाचं टोक धरून उभा राहतो, कारण ग्लायडरला एकाच ओळीतली चाकं असतात आणि हात सुटला की पंख जमिनीला टेकतो. खूण होते, विंच दोर गुंडाळू लागतं, पंख धरणारा चार पावलं पळतो आणि ग्लायडर नाक वर करून सरळ आभाळाकडे निघतो. मिनिटभरात हजारेक फूट. मग खट्कन दोर सुटतो आणि कानावर येतो तो फक्त वारा. कुठे घारी गिरक्या घेत आहेत हे पायलट बघतो आणि तिकडेच वळतो, कारण तिथे तापलेली हवा वर चढत असते. ती गवसली तर तासभर, नाहीतर पाच-दहा मिनिटांत पुन्हा मैदानावर. खाली उतरल्यावर ग्लायडर ढकलत परत न्यायचं काम सगळ्यांनी मिळून करायचं. इंजिन नाही, इंधन नाही, आणि एकट्याच्या जोरावर काहीच होत नाही. क्लब म्हणजे काय, हे तिथे सांगावं लागत नाही.

बिरसीत हे जसंच्या तसं उचलून आणता येणार नाही, हेही खरं. शिकाऊ विमानांच्या फेऱ्या आणि डिसेंबर २०२३ पासून सुरू झालेली इंडिगोची प्रवासी सेवा यांच्या मध्ये विंचचा दोर पसरणं धोक्याचं ठरेल. ग्लायडर मोरव्यासारख्या तुलनेने शांत धावपट्टीवर न्यावेत. बिरसीत मात्र मनोरा आहे, अग्निशमन आहे, दुरुस्तीचे हँगर आहेत, इन्स्ट्रक्टर आहेत आणि सव्वादोन किलोमीटरची धावपट्टी आहे. दोन-तीन हलक्या विमानांचा क्लब इथे शेपटासारखा जोडला तर नव्याने काहीच बांधायला नको.

आक्षेपांमधला सर्वांत गंभीर सुरक्षेचा, आणि गोंदियाला तो ऐकीव नाही. २६ एप्रिल २०१७ रोजी इथलं शिकाऊ विमान वैनगंगेच्या पात्रावर आडव्या असलेल्या तारेला धडकून कोसळलं. १८ मार्च २०२३ रोजी दुसरं विमान बालाघाट जिल्ह्यात लांजीकडच्या डोंगरात पडलं. दोन्ही वेळा प्रशिक्षक आणि विद्यार्थी दोघंही गेले. हौशी वैमानिक कमी उडतो, त्याचा सराव तुटतो, म्हणून त्याच्याबाबत धोका जास्तच धरायला हवा. यावर उपाय बंदीचा नाही, शिस्तीचा आहे. ठरावीक दिवसांत उड्डाण झालं नसेल तर आधी इन्स्ट्रक्टरसोबत फेरी, उंचीची किमान मर्यादा सक्तीची, आणि नदीवरच्या तारा-मनोऱ्यांचा नकाशा प्रत्येकाच्या मांडीवर. परसवाडा, झिलमिली या तलावांचा परिसर सारसांचा आहे. राज्यात हा पक्षी टिकून आहे तो मुख्यतः याच जिल्ह्यात. त्या पाणथळींवरून आणि नागझिऱ्याच्या जंगलावरून खाली उतरायची कुणालाही मुभा नसावी.

दुसरा आक्षेप जमिनीचा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी बांधलेल्या या धावपट्टीचा पुढे विस्तार झाला आणि बिरसीच्या प्रकल्पग्रस्तांचं पुनर्वसन वर्षानुवर्षं रेंगाळलं. बांधीत रोवणी करताना डोक्यावरून जाणारं विमान ज्यांनी फक्त खालूनच पाहिलं, त्यांच्यापुढे हौसेची भाषा करणं अवघडच. म्हणूनच क्लबची पहिली अट ही असावी की बिरसी, कामठा, परसवाडा आणि कुडव्यापर्यंतच्या गावांतल्या मुलामुलींसाठी काही जागा बिनखर्चाच्या राखीव राहतील. एनसीसीच्या हवाई शाखेकडे व्हायरस जातीची मायक्रोलाइट विमानं आहेत. तिची वार्षिक शिबिरं इथे भरवली तर सरकारी तिजोरीवर फारसा भार न टाकता गावच्या पोरांना कॉकपिट आतून दिसेल. त्यातली एखादी इंजिन दुरुस्तीकडे वळेल, एखादा मनोऱ्यात बसेल. आज बिरसीतल्या नोकऱ्यांपैकी गावाच्या वाट्याला पहारा आणि साफसफाईच यावी, हे चित्र बदलायचं असेल तर ओळख लहान वयातच व्हायला हवी.

प्रफुल्ल पटेल २००४ ते २०११ या काळात केंद्रात नागरी विमान वाहतूक खातं सांभाळत होते, तेव्हा ही शाळा गोंदियाला आली. राजकीय इच्छा असली की धानाच्या शेतांच्या शेजारीही जागतिक दर्जाची संस्था उभी राहते, हे जिल्ह्याने पाहिलं आहे. आता मागणी त्याहून कितीतरी लहान आहे. पावसाळा सरला की ऑक्टोबर ते मे या काळात आठवड्यातले काही तास, एक हँगर आणि दोन हलकी विमानं. विमानतळ प्राधिकरण हे एनएफटीआयचं भागीदारही आहे आणि विमानतळाचं मालकही, त्यामुळे पहिला प्रस्ताव त्यानेच मांडायला हवा. जिल्हाधिकारी, खासदार आणि आमदारांनी तो या वर्षीच्या जिल्हा नियोजन समितीच्या बैठकीत लेखी मागवावा, आणि बिरसीच्या प्रकल्पग्रस्तांना त्या बैठकीला बोलवावं.