आतलं मला, बाहेरचं तुला!

मार्च आला की अप्रेझलचा फॉर्म येतो आणि 'सेल्फ रेटिंग'चा कॉलम छळायला लागतो. पाचपैकी चार दिले तर आगाऊपणा, तीन दिले तर इन्क्रिमेंटवर पाणी!

खरी गोम अशी, की आपल्यातलं काही फक्त आपल्यालाच दिसतं आणि काही समोरच्यालाच. सिमिन वझीर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी २०१०मध्ये अमेरिकेतल्या कॉलेजच्या मुलांवरचा असाच एक अभ्यास प्रसिद्ध केला. मुलांनी स्वतःला दिलेले मार्क, मित्रांनी दिलेले मार्क आणि टेस्टमधली प्रत्यक्ष कामगिरी त्यांनी ताडून पाहिली. टेन्शन, धास्ती यांचा अंदाज ज्याचा त्यालाच जास्त अचूक. हुशारीचा मात्र मित्रांना! बोलकेपणा दोघांनाही सारखाच कळला. साहजिक आहे. छातीतली धडधड बाहेर दिसत नाही आणि हुशारीत आपला इगो अडकलेला असतो.

म्हणून यंदा फॉर्म भरण्याआधी मी शेजारच्या डेस्कवर विचारणार आहे, "माझं कुठलं काम तुला भारी वाटलं?" आणि बॉसला स्वतःहून सांगणार आहे, की प्रेझेंटेशनच्या आदल्या रात्री मला झोप लागत नाही. न सांगता त्यांना कळणार तरी कसं?