वटावात गेलेली माणसे

८ ऑक्टोबर २०१८ रोजी दोन बातम्या एकाच दिवशी आल्या. हवामानबदलविषयक आंतरसरकारी मंडळाने तापमानवाढ १.५ अंशांवर रोखण्यासंबंधीचा अहवाल प्रसिद्ध केला. आणि विल्यम नॉर्डहाउस यांना, पॉल रोमर यांच्यासमवेत, अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक जाहीर झाले. खर्च आणि लाभ यांचा मेळ घालणाऱ्या नॉर्डहाउस यांच्या प्रतिमानातून शतकाअखेरची जी ‘इष्टतम’ तापमानवाढ निघाली होती, ती ३ अंशांहूनही अधिक होती! इष्टतम कोणासाठी, हा प्रश्न सभ्य अर्थशास्त्रात विचारावयाचा नसतो.

या गणिताची किल्ली वटावात आहे. सावकार मुदतीपूर्वी हुंडी वटविताना आपला हिस्सा कापून घेतो, तसेच हे पंडित भावी पिढ्यांचे नुकसान कापून मांडतात. शंभर वर्षांनंतरचे १०० रुपयांचे नुकसान दरसाल ५ टक्के वटावाने आज अवघे ७६ पैसे ठरते. २००६ साली ब्रिटिश सरकारसाठी अहवाल लिहिताना निकोलस स्टर्न यांनी सुमारे १.४ टक्के दर धरला. त्या दराने तेच नुकसान २५ रुपये होते. पृथ्वी तीच, कोळसा तोच. बदलली ती पंडितांची नीती. मग तिला शास्त्र म्हणून सोवळ्यात का ठेवावे?

१९९१ च्या निबंधात नॉर्डहाउस यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय उत्पन्नाचा ८७ टक्के भाग हवामानबदलापासून जवळजवळ निर्धास्त मानला. उत्पन्नात शेतीचा वाटा अल्प, म्हणून धोकाही अल्प! हा तर्क आपल्याकडे लावून पाहा. भारताच्या उत्पन्नात शेतीचा वाटा पाचव्या हिश्श्याहून कमी आहे. परंतु राबणाऱ्यांपैकी ४० टक्क्यांहून अधिक माणसे तिच्यावर जगतात. (उरलेली जेवतात, हे पंडितांच्या ध्यानी आलेले दिसत नाही.)

१९९५ मध्ये तर हद्द झाली. उपरोक्त मंडळासाठी अर्थशास्त्र्यांनी सिद्ध केलेल्या प्रकरणात गरीब देशातील माणसाच्या जिवाचे मोल श्रीमंत देशातील माणसाच्या दहाव्या हिश्श्याहून अधिक धरलेले नव्हते. भारताचे तत्कालीन पर्यावरणमंत्री कमलनाथ यांनी त्याचा लेखी निषेध केला. काँग्रेसच्या मंत्र्याची पाठ थोपटण्याची आम्हांला सवय नाही. येथे ती थोपटलीच पाहिजे.

आमची मागणी साधी आहे. ऊर्जाप्रकल्पाचा हिशेब मांडताना वटावाचा दर आणि माणसाच्या जिवाचे धरलेले मोल पहिल्याच पानावर, लोकांच्या भाषेत छापले जावे. आणि ज्यांची शेते जाणार, ज्यांच्या खाणी बंद होणार, त्यांच्या संघटनांपुढे ते पान मंत्रिमंडळाच्या आधी यावे.