पाच घाटांचा हट्ट

कोजागरी सरली की आमच्या बारामती-इंदापूरच्या सायकलवाल्या मंडळींच्या अंगात घाट संचारतो. कारण उघड आहे. आमचा मुलूख सपाट. एका अंगाला नीरा, दुसऱ्या अंगाला भीमा, मधून डावा कालवा आणि जिकडे नजर टाकावी तिकडे ऊस. इंदापूरहून बारामती सुमारे पन्नास किलोमीटर. एवढ्या वाटेत चढ म्हणून सांगावा तर ओढ्यावरच्या पुलाचा! ज्याच्या गावाला नदी नाही त्याला पोहण्याचे वेड अधिक, तसे आम्हाला घाटाचे. हे वेड मला मान्य आहे. मलाही ते आहे. माझे भांडण आहे ते दरवर्षी दिवाळीच्या सुमारास शिजणाऱ्या सहलीच्या बेताशी.

यंदाचा बेत असा. तुळशीचे लग्न झाले की पहिल्या रविवारी मध्यरात्रीनंतर सायकली टेम्पोत घालून हडपसर गाठायचे. उजाडता दिवे घाट चढून सासवड; तेथून बोपदेव उतरून कात्रज; कात्रजचा जुना घाट चढून पुढे खंबाटकी; खंबाटकीनंतर वाई आणि वाईहून पसरणीचा घाट चढून पाचगणी. अंतर सव्वाशे किलोमीटरच्या वर. रात्री पुन्हा टेम्पो. याला नाव दिले आहे ‘एक दिवस, पाच घाट’. चतुर वाचकांनी बोटे मोजली असतील, तर चढायचे घाट चारच भरतात. पाचवा बोपदेव, तो उतरायचा आहे; पण चारापेक्षा पाच हा आकडा कानाला बरा लागतो, म्हणून उतारालाही घाटात धरला. माझ्या तक्रारीचे मूळ येथेच आहे. बेत घाटांसाठी आखलेला नाही, आकड्यासाठी आखलेला आहे. आणि ज्या वीस माणसांनी जायचे ती माणसे त्यात कोठेच नाहीत.

आता थोडे शास्त्र सांगतो. फराळाच्या ताटावर ते फार जड होणार नाही. सपाटीवर सायकलस्वाराचा खरा शत्रू म्हणजे वारा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट केला की विरोध चौपट. म्हणून पुढच्याच्या चाकामागे चाक लावून जो चालतो त्याचे कष्ट साधारण पाव ते तिसरा हिस्सा वाचतात. उजनीच्या पाण्यावरून येणारा वारा तोंडावर असताना भिगवणच्या रस्त्यावर आमचे सर्वांत अशक्त गडीदेखील मेळ्यात बिनबोभाट चालतात, ते या आडोशाच्या जोरावर. सपाटीवर समुदाय माणसाला ओढून नेतो.

घाटात हा आडोसा नाहीसा होतो. वेग ताशी सात-आठ किलोमीटरवर आला की वाऱ्याचे काही चालत नाही. तेथे शत्रू म्हणजे आपलेच वजन. माणूस आणि सायकल मिळून ऐंशी किलो धरा. वाई ते पाचगणी उंचीचा फरक सुमारे साडेपाचशे मीटर. पन्नास किलोचे साखरेचे पोते जमिनीवरून एक मीटर उचलून फळीवर ठेवायचे, असे 880 वेळा केले म्हणजे पसरणीचा एक चढ होतो. हे काम कोणी कोणाचे वाटून घेऊ शकत नाही. ज्याची पोती त्याने उचलायची. म्हणून सपाटीवर एकजीव दिसणारा मेळा घाटाच्या तिसऱ्या वळणावर सुट्या माणसांचा होतो. सपाटीवरचा अनुभव घाटाला लावून बेत आखणे म्हणजे विहिरीत पोहणाऱ्याने पुराच्या पाण्यात पाहुण्यांना बोलावण्यासारखे आहे.

पुढे काय होते तेही सांगतो. दणकट गडी तासाभरात माथ्यावर पोचतो. चहा घेतो, भेळ खातो, छायाचित्रे काढतो, दगडावर आडवा होतो. दीड-दोन तासांनी शेवटचा मनुष्य माथ्यावर येतो, जीभ टाळूला चिकटलेली. त्याला पाहताच माथ्यावरची सगळी मंडळी टाळ्या वाजवतात आणि टाळ्या वाजवता वाजवताच उठून सायकलींवर बसतात! उशीर झालेला असतो ना. म्हणजे ज्याला विश्रांतीची गरज सर्वांत कमी त्याला तासभर विश्रांती आणि जो सर्वांत दमला त्याला एक पेलाभर पाणी. असे चार घाट. हा अन्याय कोणी दुष्टपणाने करीत नाही. वेळापत्रकच तो करते. म्हणून मी माणसांना दोष देत नाही, वेळापत्रकाला देतो.

मागच्या वर्षीची एक हकीकत. आमच्यात एक निवृत्त गुरुजी होते, वय बासष्ट. सकाळी आमच्या सर्वांच्या आधी हजर असत. त्या सहलीत दुसऱ्या घाटात त्यांचे पाय गळाले. मी त्यांच्याबरोबर मागे होतो. “तुम्ही व्हा पुढे, माझी काळजी करू नका,” असे ते तीनदा म्हणाले. चौथ्यांदा म्हणाले नाहीत. कठड्यावर बसून त्यांनी येणारा एक दुधाचा टेम्पो थांबवला, सायकल वर चढवली आणि हसून हात केला. पुढच्या रविवारी ते आले नाहीत. त्यापुढच्याही नाहीत. “गुडघा दुखतो,” असे घरून उत्तर आले. गुडघ्याला काही झालेले नव्हते. ते सकाळी एकटेच कालव्याच्या कडेने सायकलवर जाताना मला दिसतात. त्या सहलीने चार घाट जिंकले, असे फलकावर लिहिले गेले. एक मनुष्य गमावला, हे कोणी लिहिले नाही.

यावर मित्र म्हणतात, “ज्याला झेपत नाही त्याने येऊ नये.” ठीक. मग निमंत्रण ‘सर्वांसाठी’ असे का लिहिता? चार दणकट गड्यांनी आपसांत ठरवून जावे; माझे काही म्हणणे नाही. पण वीस माणसांकडून टेम्पोची वर्गणी घ्यायची, आणि बेत मात्र चौघांच्या मांड्यांच्या मापाने बेतायचा, याला सहल म्हणत नाहीत. सोळा माणसांच्या खर्चाने चार माणसांनी केलेली मौज म्हणतात.

दुसरे मित्र मोठी उदाहरणे देतात. “नाशिकचे महाजन बंधू 2015 साली सायकलीवर अमेरिका ओलांडून गेले, आणि आपल्याला चार घाट जड?” अहो, त्या डॉक्टर बंधूंचा मला अभिमान आहे. पण ते दोघांच्या तुकडीत गेले. एकाने चालवायचे तेव्हा दुसऱ्याने विसावायचे, अशी पाळी होती, आणि मागे मदतनीसांची गाडी होती. म्हणजे दमलेल्याला विश्रांती देण्याची व्यवस्था हाच त्या पराक्रमाचा पाया होता. त्यातला पराक्रम तेवढा उचलायचा आणि व्यवस्था सोडायची, हे कसले अनुकरण?

फ्रान्सची जगप्रसिद्ध शर्यत घ्या. ती सुरू झाली 1903 साली. पिरेनीज पर्वतातले उंच घाट तिच्यात आले 1910 साली, त्यांत 2115 मीटर उंचीचा तूरमाले. आणि त्याच वर्षी शर्यतीच्या शेपटाला एक गाडी आली, थकून थांबलेल्यांना गोळा करीत येणारी. तिला तिकडे झाडूची गाडी म्हणतात. डोंगर आला त्याच साली झाडूची गाडीही आली, हे ध्यानात घ्या. आजही त्या शर्यतीत डोंगराच्या दिवशी मागे पडलेले स्वार एकत्र येऊन घोळका करतात, एकमेकांच्या चालीने घाट चढतात आणि मुदतीच्या आत पोचतात. या घोळक्याला फ्रेंच लोक ‘बस’ म्हणतात. पोटासाठी शर्यत खेळणारे धंदेवाईक लोक मागच्यांसाठी बस चालवतात, आणि आम्ही रविवारचे हौशी लोक मागच्याला दुधाच्या टेम्पोवर सोडून येतो!

पण फ्रान्सपर्यंत जायचे कारण काय? तुकोबांची पालखी रोटीचा घाट ओलांडून आमच्याच बारामतीला येते आणि पुढे सणसर, निमगाव केतकीवरून इंदापूरला जाते. ज्ञानोबांचा रथ दिवे घाटात आला की जादा बैलजोड्या जुंपतात. चढ आहे म्हणून बळ वाढवतात, माणसे कमी करीत नाहीत. आणि चैत्रात शिखर शिंगणापूरला जाऊन मुंगी घाट पाहा. सासवडहून भुतोजी तेल्याची कावड येते आणि त्या उभ्या कड्यावरून माणसांची साखळी करून, हाताला हात देऊन ती वर चढवतात. वर कोण पहिला पोचला, असे तेथे कोणी विचारीत नाही. कावड पोचली का, एवढेच विचारतात. घाट समुदायाने कसा चढावा हे ज्यांच्या दारात शिकायला मिळते, त्यांनी ते घड्याळाकडून शिकावे, ही खेदाची गोष्ट आहे.

केवळ टीका करून मी थांबत नाही. माझा बेत असा. घाट एकच घ्यावा, शिंगणापूरचा, नातेपुत्याच्या बाजूने. आम्हा बारामतीकरांना आणि इंदापूरकरांना तो दोघांनाही सोयीचा. टेम्पो पायथ्याशी. चढायला पहाटे नव्हे, चांगले उजाडल्यावर सुरुवात करावी. कारण दिवाळीनंतर कारखान्यांचे गाळप सुरू होते, आणि अंधारात मागे दिवा नसलेली उसाची ट्रॉली ज्याने एकदा जवळून पाहिली त्याला कारण सांगावे लागत नाही. माथ्यावर सर्वांनी भेटायची वेळ एकच ठरवावी, आणि ती सर्वांत सावकाश चढणाऱ्याला विचारून ठरवावी. ज्यांच्या पायांत रग आहे त्यांनी एकदा वर जावे, खाली यावे, पुन्हा वर जावे; दोनदा, तीनदा, हवे तर पाचदा. पाचाचा आकडा त्यांनाही मिळेल, आणि तोही सगळा चढाचा. वाटेत प्रत्येक फेरीला मागचा मनुष्य त्यांना भेटेल. पाणी हवे का, साखळी उतरली का, हे कळेल. ब्रेक धरून धरून हात बधिर झालेल्या नवख्याला उतारावर एकटे सोडावे लागणार नाही. आणि सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, तेव्हा शेवटची सायकल घाटात नसेल, टेम्पोत असेल.

“मग यात पुरुषार्थ तो काय?” असे एकाने मला विचारले. तीन वेळा तोच चढ चढणे हा पुरुषार्थ नव्हे तर काय? फरक इतकाच, की तो गुरुजींच्या समोर करावा लागेल.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी आमची बैठक आहे. तेथे मी हे सगळे मांडणार आहे. बहुमत पाचाच्या आकड्याकडे झुकेल, हे मी जाणून आहे. आकड्याला टाळ्या लवकर मिळतात. म्हणून मी हे येथे, घराघरांत वाचल्या जाणाऱ्या अंकात लिहिले. वाचकहो, तुमच्या घरातला मुलगा, सून, नाहीतर आजोबाच, अशा सहलीला निघाले, तर डबा बांधून देताना किती घाट आहेत हे विचारू नका. सर्वांत शेवटी कोण असणार आणि त्याच्याबरोबर कोण असणार, हे विचारा. उत्तर चटकन मिळाले तर खुशाल जाऊ द्या. मिळाले नाही, तर डबा हातात देण्यापूर्वी एकदा त्यांच्या म्होरक्याला घरी बोलवा, फराळ द्या, आणि तोच प्रश्न त्यालाही विचारा. मी मात्र बैठकीला जाण्याआधी गुरुजींच्या घरी जाणार आहे. माथ्यावर भेटायची वेळ त्यांनाच ठरवायची आहे.