हात थरथरतो तेव्हा



मागच्या महिन्यात रविवारची मिस्सा आटोपून आम्ही चर्चच्या आवारात उभे होतो. तिथे आमच्या जुन्या धर्मशिक्षण वर्गातला एक मुलगा भेटला. दृढीकरण संस्काराची तयारी त्यानं आमच्याकडेच केली होती. आता तेविशीत आहे, नोकरी करतो आणि संध्याकाळी पूल खेळतो. नुसता वेळ घालवायला नाही, स्पर्धेतही उतरतो. लवकरच त्याची एक स्पर्धा होती म्हणून आम्ही सहज विचारलं, "तयारी कशी चाललीय?" तो हसला, इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच म्हणाला, "सर, दो पेग में हाथ एकदम सेट हो जाता है."

कोल्ड्रिंकच्या बाटलीत मिसळून तो सामन्याच्या अर्धा तास आधी घेतो. नशेसाठी नाही, मजेसाठी तर नाहीच. क्यू धरलेला हात कापू नये एवढ्यासाठी. आम्ही त्याला "जपून रे" एवढंच म्हणालो आणि घरी आलो. नंतर मात्र चैन पडेना. शिक्षकाकडे मुलगा मन मोकळं करतो आणि शिक्षक दोन शब्दांत वाटेला लावतो, हे बरं नव्हे. हा लेख म्हणजे त्याला तेव्हा न दिलेलं उत्तर आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. दोष खेळाचा नाही. आपल्याकडे पूल पार्लर म्हटलं की आईवडिलांच्या कपाळावर आठी पडते. पण स्नूकर हा खेळ जन्मला तोच आपल्या मध्य प्रदेशात, 1875 साली जबलपूरच्या लष्करी अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स 1958 साली कलकत्त्याला बिलियर्ड्सचे हौशी जगज्जेते झाले, आणि कोणत्याही खेळात वैयक्तिक जागतिक अजिंक्यपद मिळवणारे ते पहिले भारतीय ठरले. मुंबईचे मायकल फरेरा तीन वेळा जगज्जेते झाले. पंकज अडवाणीचा जन्मही पुण्याचाच. या टेबलापाशी उभं राहण्यात लाजण्यासारखं काही नाही.

मुलाची भीतीही खोटी नाही. क्रिकेट किंवा हॉकीत धावताना अंगातली धडधड घामावाटे निघून जाते. पुलात तसं होत नाही. समोरचा एकेक बॉल पॉकेटमध्ये टाकत असतो आणि आपण खुर्चीवर बसून नुसतं बघायचं. मग आपली पाळी येते, उठायचं, वाकायचं आणि क्यू अगदी थोडासा पुढे सरकवायचा. सगळं शरीर "पळ किंवा लढ" म्हणत असतं आणि काम असतं दोरा ओवण्याइतकं नाजूक. हात कापणारच.

मग दारूनं तो थांबतो का? खरं सांगायचं तर थोडा वेळ थांबतो. न थांबता तर कुणी घेतलीच नसती. दारू मेंदूला मंद करते, तशी भीतीही मंद होते. पण ती निवडून एकट्या भीतीला मंद करत नाही. नजर, अंतराचा अंदाज, हाताडोळ्यांचा मेळ यांनाही ती सोडत नाही, आणि सर्वांत आधी बिघडतो तो आपला निवाडा. म्हणून खेळणाऱ्याला वाटतं, आज हात छान चाललाय, आणि तो नको तो अवघड फटका मारायला जातो. शिवाय शरीर ती दारू साधारण तासाला एक लहान पेग या गतीनं संपवतं. सामना लांबला की ती उतरू लागते आणि दबलेली धडधड दुपटीनं परत येते. मग तिसरा पेग लागतो. आपल्या भाषेत याला नेमका शब्द आहे, उसनं अवसान. उसनं घेतलेलं फेडावं लागतं.

याची दोन उदाहरणं सांगतो. 1968 च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये स्वीडनचा हान्स-गुनार लिल्येनवाल हा मॉडर्न पेंटॅथलॉनचा खेळाडू होता. त्यातल्या पाच प्रकारांपैकी एक पिस्तूल नेमबाजी. नेमाच्या आधी मन शांत व्हावं म्हणून आपण दोन बिअर घेतल्या, असं त्यानं सांगितलं. चाचणीत दारू सापडली आणि उत्तेजक चाचणीत बाद झालेला ऑलिंपिकमधला तो पहिला खेळाडू ठरला. त्याच्यामुळे स्वीडनच्या संघाला कांस्यपदक परत करावं लागलं. ज्या सहकाऱ्यांनी काही केलं नव्हतं, त्यांच्याही गळ्यातून ते पदक गेलं.

दुसरा कॅनडाचा स्नूकरपटू बिल वेरबेनिक. त्याचा हात कापायचा तो भीतीनं नव्हे, आजारानं. कंप आवरावा म्हणून तो सामन्याआधी ग्लासामागून ग्लास बिअर प्यायचा आणि सामना चालू असतानाही पीत राहायचा. खेळ उत्तम होता, जागतिक क्रमवारीत आठव्या स्थानापर्यंत तो पोचला. पुढे त्याला प्रोप्रॅनोलॉल हे हृदयाची धडधड कमी करणारं औषध घ्यावं लागलं, त्या औषधावर खेळात बंदी आली आणि त्याची कारकीर्द संपली. 2003 साली, 56 व्या वर्षी तो वारला. लोक त्याच्या बिअरच्या गोष्टी हसत हसत सांगतात. आम्हाला हसू येत नाही. हात स्थिर ठेवण्यासाठी एका गुणी माणसाला केवढं मोजावं लागलं!

आज नियम काय सांगतात? वेरबेनिकच्या त्या औषधाच्या जातीची सगळी औषधं आजही बिलियर्ड्सच्या खेळांत स्पर्धेच्या वेळी बंद आहेत. दारू मात्र 1 जानेवारी 2018 पासून जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या यादीतून वगळली आहे. खेळाच्या संघटना आपले नियम करू शकतात, पण आमच्या मुलाच्या गल्लीतल्या स्पर्धेत त्याच्या बाटलीचा वास घ्यायला कुणी येणार नाही. जिथे नियम थांबतो तिथे सदसद्विवेकाला बोलावं लागतं.

इथे आमचीही एक गोष्ट कबूल करतो. काही वर्षांपूर्वी नात्यातल्या एका लग्नात टोस्टचं भाषण आमच्याकडे आलं. वर्गात मुलांसमोर तासभर बोलणारे आम्ही, पण समोर दीडशे पाहुणे आणि हातात माइक पाहून तळहात ओले झाले. एका भावानं ग्लास पुढे केला, "घे रे, जीभ सुटेल." सुटली. लोक हसले, टाळ्या पडल्या. गोष्ट तिथेच संपायला हवी होती. पण पुढच्या वर्षी धर्मग्रामाच्या सणाला आभाराचं भाषण करायचं ठरलं, तेव्हा सकाळीच मनात पहिला प्रश्न आला, थोडी मिळेल का? भाषणापेक्षा त्या प्रश्नाचीच आम्हाला जास्त भीती वाटली. एकाच ग्लासात मनानं वाट पाडून ठेवली होती. त्या दिवशी आम्ही काही न घेता बोललो. आवाज कापला, दोन नावं विसरलो, फादरांनी हसून सावरून घेतलं. कुणाचंही काही बिघडलं नाही.

आता कुणी म्हणेल, द्राक्षारस तर खुद्द प्रभूनं दिला. खरं आहे. काना गावच्या लग्नात त्यानं सहा रांजण पाण्याचा द्राक्षारस केला, आणि आपल्या वेदीवरही द्राक्षारस असतो. पौलानं तीमथ्याला पोटाच्या दुखण्यासाठी थोडा घ्यायला सांगितलं. आपला धर्म द्राक्षारसाला पाप म्हणत नाही. ग्वाल्हेरला पाहुणा आला की आपण त्याला जयविलास महालातली चांदीची आगगाडी दाखवतो. मेजवानीच्या लांब टेबलावरून ती मद्याच्या सुरया घेऊन पाहुण्यांपुढून फिरायची. कानाच्या लग्नातला प्याला काय किंवा त्या टेबलावरचा काय, तो सगळ्यांसमोर, सगळ्यांबरोबर घेतला जातो. कोल्ड्रिंकच्या बाटलीतले दोन पेग लपवून, एकट्यानं, भीतीपायी घेतलेले असतात. पेय तेच असेल, पण कारण वेगळं आहे. आमचं म्हणणं या कारणाबद्दल आहे.

शुभवर्तमानातला एक प्रसंग आपण घाईत वाचून पुढे जातो. मार्कच्या पंधराव्या अध्यायात, क्रुसावर खिळण्याआधी प्रभूला गंधरस मिसळलेला द्राक्षारस देऊ केला जातो आणि तो घेत नाही. शुद्ध बोथट करणारा प्याला त्यानं नाकारला. म्हणून कुणी ऑपरेशनच्या वेळी भूल घेऊ नये, असा याचा अर्थ नव्हे. औषधसुद्धा देवाचंच देणं आहे. पण आयुष्यातली सर्वांत कठीण घटका प्रभूनं पूर्ण जागेपणी स्वीकारली, हे विसरून चालणार नाही. त्याला भीती वाटली नव्हती का? आदल्या रात्री गेथशेमाने बागेत त्याचा घाम रक्ताच्या थेंबांसारखा जमिनीवर पडत होता. भीती वाटणं पाप असतं तर ते वर्णन लूकनं लिहिलं नसतं. प्रभूनं त्या भीतीचं काय केलं? पित्याला सांगितली. आणि मित्रांना जवळ बसायला सांगितलं. मित्र झोपले, ही गोष्ट वेगळी. ते झोपणारे मित्र आपण होऊ नये, एवढं तरी आपल्या हातात आहे.

भीतीसकट खेळता येतं याचं उदाहरण आपल्या शहरानं डोळ्यांनी पाहिलं आहे. 24 फेब्रुवारी 2010 रोजी कॅप्टन रूपसिंग स्टेडियमवर सचिन तेंडुलकरनं दक्षिण आफ्रिकेविरुद्ध 147 चेंडूंत नाबाद 200 धावा केल्या. पुरुषांच्या एकदिवसीय आंतरराष्ट्रीय क्रिकेटमधलं ते पहिलं द्विशतक. त्याच सचिननं 2021 साली उघडपणे सांगितलं की कारकिर्दीतली दहा-बारा वर्षं सामन्याच्या आदल्या रात्री त्याला झोप लागत नसे. पुढे त्यानं ती अस्वस्थता तयारीचाच भाग म्हणून मान्य केली. चहा करणं, कपड्यांना इस्त्री करणं अशा साध्या कामांचा त्याला उपयोग झाला. एवढा मोठा खेळाडू रात्री कपड्यांना इस्त्री करतोय, हे चित्र आमच्या मुलानं डोळ्यांसमोर ठेवावं. धडधड गेली नाही. ती असतानाच तो उभा राहिला.

म्हणून, बाळा, तुला आमचं साधं सांगणं आहे. सामन्याला लवकर जा. पोटात काहीतरी असू दे. आपली पाळी येण्याआधी श्वास सावकाश सोड, घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लाव. खडू लावणं, टेबलाभोवती एक फेरी, मग वाकणं, हा क्रम दर वेळी तोच ठेव. खुर्चीवर बसलास की खिशातल्या जपमाळेचे मणी बोटांनी मोज. बोटांना काम मिळतं आणि मनाला आधार. सरावाचे काही सामने लोकांसमोर, पण दारूशिवाय खेळ आणि हरलास तर हर. कापऱ्या हातानं खेळायची सवय कापऱ्या हातानं खेळूनच लागते. आणि सामन्यानंतर तू स्कूटरवर घरी जातोस, हेही लक्षात ठेव. कायद्याची मर्यादा 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमची आहे, पण रस्त्यावरच्या माणसाचा जीव त्या आकड्यानं मोजायचा नसतो.

हात नेहमीच कापत असेल, चहाचा कप उचलतानाही, तर डॉक्टरांना दाखव. कंपाच्या आजारावर उपचार आहेत. आणि हे वाचणाऱ्यांपैकी कुणाचा हात सकाळी दारूवाचून कापत असेल, तर गोष्ट पुढे गेली आहे. अशा वेळी एकदम आपल्या मनानं बंद करू नका, तेही धोक्याचं ठरू शकतं. डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडा. व्यसनमुक्तीसाठी 14446 हा सरकारी मोफत क्रमांक आहे.

अमेरिकेत अॅक्रन गावी डॉ. बॉब नावाचे एक शल्यचिकित्सक होते. 10 जून 1935 च्या सकाळी त्यांना शस्त्रक्रिया करायची होती आणि हात थरथरत होता. हात स्थिर व्हावा म्हणून त्यांचे मित्र बिल यांनी त्यांना बिअरची एक बाटली दिली. ती त्यांची शेवटची दारू. शस्त्रक्रिया झाल्यावर, ज्यांची तोंडं त्यांनी चुकवली होती त्या लोकांना ते गावात जाऊन भेटले आणि आपली चूक कबूल केली. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसची स्थापना त्याच दिवसापासून मोजतात. मागचं काहीही असो, आजची बाटली शेवटची ठरू शकते.

आमच्या मुलाची स्पर्धा पुढच्या आठवड्यात आहे. आम्ही त्याला फोन केला आणि हे सगळं सांगितलं. तो बराच वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "सर, बिना पिए हार गया तो?" आम्ही म्हणालो, "तर हरलेला तू असशील. प्यायलास आणि जिंकलास, तर कोण जिंकलं हे तुलाच कळणार नाही." त्यानं शब्द दिला नाही. आम्हीही मागितला नाही. त्या संध्याकाळी आम्ही तिथे जाऊन बसणार आहोत, एवढंच सांगितलं. धर्मशिक्षकाला पूल पार्लरमध्ये पाहून कुणी हसलं तर हसो. झोपलेल्या शिष्यांपेक्षा ते बरं.

प्रभू येशू, गेथशेमानेच्या रात्री तू आमची भीती ओळखलीस. आमच्या मुलांचे हात कापतात तेव्हा त्यांना उसन्या अवसानाकडे जाऊ देऊ नकोस, तुझ्याकडे आण. आणि त्यांच्यासोबत जागं राहण्याची शक्ती आम्हाला दे. आमेन.