खेळाडूचे नाव कोणाच्या मालकीचे?

धुळ्याहून जळगावला येत असताना मागे एकदा रस्त्याकडेच्या मोठ्या फलकावर मला ओळखीचा चेहरा दिसला. आंतरविद्यापीठ स्पर्धेपर्यंत पोहोचलेली, शेतमजुराच्या घरातील ती कबड्डीपटू विद्यार्थिनी. फलक एका खाजगी शिकवणीवर्गाचा होता. पुढे भेट झाली तेव्हा चौकशी केली. छायाचित्र लावण्यापूर्वी तिला कोणी विचारले नव्हते. मोबदल्याचा विषय तर निघालाच नव्हता. ‘सर, फोटो लागला म्हणून घरचे खूश आहेत,’ ती म्हणाली. त्या दिवशी तिच्या पायांतले बूट मैत्रिणीकडून मागून आणलेले होते.

प्रसंग लहान आहे; पण त्यामागचा प्रश्न लहान नाही. खेळाडू वर्षानुवर्षे घाम गाळतो, त्यातून त्याचे नाव होते. ते नाव हेही श्रमाचेच फळ आहे. मग त्यावर पहिला अधिकार कोणाचा?

अमेरिकेत हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. तेथील महाविद्यालयीन क्रीडासंघटनेने २०१० साली केवळ पुरुषांच्या बास्केटबॉल स्पर्धेचे प्रक्षेपणहक्क चौदा वर्षांसाठी १०८० कोटी डॉलरना विकले. परंतु ज्याचा खेळ पाहण्यासाठी ही रक्कम मोजली गेली, त्या विद्यार्थ्याने स्वतःच्या नावावर जाहिरातीतून पैसे मिळवले, तर तो अपात्र ठरे. २०२१ च्या जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने संघटनेविरुद्ध एकमुखी निर्णय दिला आणि १ जुलैपासून संघटनेला ही बंदी सोडावी लागली. २०२५ साली मंजूर झालेल्या तडजोडीनुसार महाविद्यालयांना आपल्या उत्पन्नातील वाटा खेळाडूंना थेट देण्याची मुभाही मिळाली.

‘हौशी खेळाडू’ या उदात्त वाटणाऱ्या कल्पनेचा आधार घेऊन ही बंदी टिकली होती. त्या कल्पनेचा उगम मात्र उदात्त नाही. एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडमध्ये नौकाशर्यतींच्या नियमांनुसार कारागीर व मजूर हौशी ठरूच शकत नसत. पैशाशिवाय खेळणे ज्यांना परवडत होते, त्यांनीच हा सद्गुण निर्माण केला. जिम थॉर्प या अमेरिकेतील आदिवासी विद्यार्थ्याने १९१२ च्या ऑलिंपिकमध्ये दोन सुवर्णपदके जिंकली. पूर्वी किरकोळ पैशांसाठी तो बेसबॉल खेळला होता, एवढ्या कारणावरून ती काढून घेण्यात आली. पदके परत देण्याचा निर्णय १९८२ साली झाला. तोपर्यंत त्याच्या मृत्यूला एकोणतीस वर्षे लोटली होती.

आपल्या मातीने हे ढोंग कधी पोसले नाही. जत्रेच्या दंगलीत इनाम जिंकलेला मल्ल दुसऱ्या दिवशी वर्गात येऊन बसला, तर आम्हा शिक्षकांना त्यात काही वावगे वाटत नसे. १९५२ साली खाशाबा जाधवांना हेलसिंकीला पाठवण्यासाठी राजाराम महाविद्यालयाच्या प्राचार्य खर्डेकरांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. पदक घेऊन परतल्यावर खाशाबांनी कुस्त्या लढवून त्या पैशांतून घर सोडवले, असे सांगतात. आपल्याच चाळीसगाव तालुक्यातील विजय चौधरींनी २०१४ ते २०१६ अशी लागोपाठ तीन वर्षे महाराष्ट्र केसरीची गदा मिळवली आणि सरकारने त्यांना पोलीस उपअधीक्षक केले. तो गौरव यथायोग्यच होता. पण असा मान एखाद्यालाच लाभतो. गदेपर्यंत न पोहोचलेल्या शेकडो मुलामुलींच्या नावाचे काय?

कायदाही त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. व्यक्तीचे नाव आणि चेहरा यांच्या व्यापारी वापरासंबंधी आपल्याकडे स्वतंत्र कायदा नाही. जे संरक्षण आहे ते न्यायालयांच्या निर्णयांतून आलेले. अमिताभ बच्चन यांना २०२२ साली आणि अनिल कपूर यांना २०२३ साली दिल्ली उच्च न्यायालयाने ते दिले. रावेर किंवा शिरपूरच्या खेळाडूने वकिलाची फी कोठून आणावी? जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. नावाला मोल असते आणि ते पिकवणाऱ्यांचे असते, हे केळीच्या बाबतीत आपण मान्य केले. त्याच केळीचे घड वाहणाऱ्या मजुराच्या मुलीबाबत ते अजून मान्य व्हायचे आहे.

मात्र बाजार मोकळा झाला म्हणजे न्याय झाला, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. अमेरिकेतही मोठा पैसा फुटबॉल आणि पुरुषांच्या बास्केटबॉलकडेच वाहतो. आपल्याकडे तो क्रिकेटकडे आणि समाजमाध्यमांवर गाजणाऱ्या चेहऱ्यांकडे वाहील. खो-खो खेळणारी मुलगी कोरडीच राहील. ‘स्वतःचा ब्रँड घडवा’ हा उपदेश ऐकायला गोड आहे. त्याचा अर्थ इतकाच, की प्रत्येकाने आपल्या चेहऱ्याचे दुकान मांडावे आणि ते चालले नाही तर दोष स्वतःलाच द्यावा. शिवाय गुडघा निखळला की दुकान त्याच दिवशी बंद. केळीच्या मानांकनाचा धडा येथे उपयोगी आहे: ते एका बागाईतदाराचे नाही, सर्व उत्पादकांचे आहे.

म्हणून मागण्या सामुदायिक हव्यात. शिकवणीवर्ग असो, दुकान असो वा खुद्द महाविद्यालय, खेळाडूचे छायाचित्र जाहिरातीत वापरण्यापूर्वी मराठीतील, मुदत घातलेली लेखी संमती आणि मोबदला बंधनकारक असावा. अठरा वर्षांखालील मुलांना कायद्याने करार करता येत नाही. त्यांच्या पालकांना कागदावर सही करण्यापूर्वी तो समजावून सांगणारे कोणीतरी हवे. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाने जळगाव, धुळे व नंदुरबारच्या खेळाडूंसाठी विनामूल्य कायदेशीर सल्ल्याची सोय करावी. मोठ्या मोबदल्यातील काही हिस्सा सामायिक निधीत जावा आणि त्यातून दुखापतीचा विमा, बूट व खुराक यांचा खर्च भागावा. आणि हे सर्व मागण्यासाठी खेळाडूंची स्वतःची संघटना असावी.

पैशाने मुले बिघडतील, अभ्यास बुडेल, अशी भीती माझे काही जुने सहकारी व्यक्त करतात. त्यांना मी एवढेच विचारतो, की सुटीत केळीचे ट्रक भरणारा आणि लग्नसराईत वाढप्याचे काम करणारा विद्यार्थी आपल्या वर्गात नव्हता काय? त्याच्या कष्टाच्या कमाईची आपल्याला कधी भीती वाटली नाही. मग नावाच्या कमाईचीच का वाटावी?

कार्यकर्त्यांनी या कामासाठी कायदा होण्याची वाट पाहू नये. आपल्या गावातील फलकांवर कोणत्या खेळाडूंचे चेहरे आहेत ते पाहावे, त्या मुलामुलींना गाठावे आणि संमती कोणी घेतली होती काय, एवढा एकच प्रश्न विचारावा. संघटनेची पहिली बैठक त्या उत्तरांतूनच उभी राहील.